तिजोरीची दुसरी किल्ली : साहेबाच्या त्रासाचं एक प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. जिच्यावर हे गुदरलं तिनं मजकूर वाचला, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आणि मगच लिहायला हो म्हणाली. शाखेत तिला सगळे अक्का म्हणतात, मीही इथं तेच म्हणणार आहे. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली. तिचे वडील माझे शेजारी, म्हणून ती मला काका म्हणते, आणि सल्ला विचारायला आली तीही त्याच नात्यानं.

पार्श्वभूमी

अक्का तेव्हा ३८ वर्षांची होती. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी शाळा, मग पीयूसी, म्हणजे बारावी, आणि बी.कॉम. २०१२ साली ती एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागली आणि चार वर्षांनी कॅशिअर झाली. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत, शिफ्टची नोकरी. मुलगी आठवीत. घर बांधताना याच संस्थेतून चार लाखांचं कर्ज काढलेलं, नवऱ्याच्या नावावर, जामीनदार सासरे. या कर्जानं पुढं तिचं तोंड बरेच महिने बंद ठेवलं, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

संस्था १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली. पाच शाखा, चाळीसेक नोकर. बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर मराठी शाळा, वाचनालयं, तरुण मंडळं आणि पतसंस्था हीच इथल्या मराठी माणसाची हक्काची जागा उरली. पासबुक मराठीत, कर्जाचा अर्ज मराठीत, काउंटरवर बोलणं मराठीत. म्हणून लोक नुसतं 'संस्था' म्हणत नाहीत, 'आपली संस्था' म्हणतात. त्या 'आपली'मध्ये माया आहे, आणि गप्प बसवण्याची ताकदही आहे.

शाखेत सहा माणसं होती : व्यवस्थापक, अक्का, दोन क्लार्क, शिपाईमामा आणि सोनं तपासायला येणारा सराफ. शिवाय पाच पिग्मीवाले. दुकानादुकानांतून रोजचे पैसे गोळा करायची पिग्मीची पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली आणि या मुलखात ती अशी रुजली की भाजीवालीसुद्धा 'पिग्मी भरली का' असं विचारते. पिग्मीवाले फिरून संध्याकाळी साडेपाच-सहाला पैसे आणून भरतात. त्यानंतर कॅशिअर नोटा मोजते, कुठल्या किती नोटा ते नोंदवहीत लिहिते, रोजकीर्दीशी शिल्लक जुळवते आणि दोघांच्या सहीनं तिजोरी बंद होते. तिजोरीला किल्ल्या दोन. एक कॅशिअरकडं, एक व्यवस्थापकाकडं. एकट्याला ती ना उघडता येते, ना बंद करता येते.

त्रास कसा वाढला

जून २०२२ मध्ये मुख्य कार्यालयातून नवा व्यवस्थापक आला. मराठीच माणूस, पण शिक्षण कन्नड माध्यमात झालेलं. कामाला वाघ होता, हे अक्काही मान्य करते. कोविडनंतर थकलेली वसुली त्यानं स्वतः मोटारसायकलवर गावोगाव फिरून आणली. पहिले दोन महिने ती घरी सांगायची, बरं झालं, कडक माणूस आला.

ऑगस्टमध्ये पहिली चिठ्ठी आली. कॅश बंद झाल्यावर एका संचालकाचा पाहुणा आला, त्याला पंचवीस हजार हवे होते. व्यवस्थापकानं कागदाच्या चिटोऱ्यावर रक्कम लिहून सही केली, पैसे दिले आणि म्हणाला, "उद्या सकाळी व्हाउचर टाकू. आज शिल्लक पूर्ण दाखव." चिठ्ठी नोटांच्या जागी तिजोरीत गेली. दुसऱ्या दिवशी व्हाउचर झालंही. मग महिन्यातून दोन-तीन वेळा हे सुरू झालं. सप्टेंबरच्या शेवटी अक्कानं पहिल्यांदा नकार दिला : "सर, शिल्लक नसताना आहे म्हणून सही कशी करू?"

तिच्या मते त्रास त्या दिवसापासून सुरू झाला. 'अक्का, तुम्ही' होतं त्याचं 'ए बाई, तू' झालं, तेही सभासदांसमोर. वीस रुपयांचा फरक आला तर रात्री दहाला फोन. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर, "घर सांभाळ, मग नोकरी कशाला करतेस?"

सगळ्यात वाईट हत्यार किल्लीचं. संध्याकाळी साडेपाचला तो "वसुलीला जातो" म्हणून आपली किल्ली घेऊन निघायचा आणि आठला परतायचा. पिग्मीचे पैसे मोजून झालेले, शिल्लक जुळलेली, पण तिजोरी बंद करता येत नाही. रोकड टेबलावर टाकून कॅशिअर उठू शकत नाही. तिच्या गावची शेवटची बस साडेसातची. आठवड्यातून दोन-तीनदा नवऱ्यानं, नाहीतर दिरानं गाडी घेऊन यायचं. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. साहेब वसुलीला गेले, कॅशिअर कामावर आहे, एवढंच. मला विचाराल तर शिवीपेक्षा हे जास्त क्रूर होतं, कारण याची तक्रार करायला शब्दच सापडत नाहीत.

दुसरं हत्यार भाषेचं. सहकार खात्याची परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. अक्काला कन्नड बोलता येतं, अगदी सफाईनं, वाचायला मात्र वेळ लागतो. एका बाजारच्या दिवशी काउंटरवर पंधरा-वीस माणसं असताना त्यानं परिपत्रक तिच्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं." ती जोडाक्षराजोडाक्षराला अडखळत वाचत गेली. तो म्हणाला, "कर्नाटकात राहता, पगार घेता, आणि एवढं वाचता येत नाही?" काही जण हसले. ज्यांच्या नावानं 'आपली संस्था' चालते तेच हसले, हे तिला जास्त लागलं. कन्नड बोलणारे शिपाईमामा पुढं आले, तिच्या हातातून कागद घेतला आणि हळूच म्हणाले, "होगली बिडरी अक्का." जाऊ द्या.

पहिली तक्रार, चुकीच्या दारात

जानेवारी २०२३ मध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्का चेअरमनच्या घरी गेली. चेअरमनना गाव अण्णा म्हणतं, नात्यानं ते तिच्या सासऱ्यांचे लांबचे भाऊ लागतात. वाण घेताना अण्णांच्या पत्नीनं सहज विचारलं, "काय गे, वाळलीस की!" आणि हिचा बांध फुटला. स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं सांगितलं. काकींनी पाठीवरून हात फिरवला, अण्णांच्या कानावर घालते म्हणाल्या.

घातलंही. अण्णांनी व्यवस्थापकाला फोन करून "बाईमाणसाशी जरा सांभाळून" एवढं सांगितलं. दोन दिवसांनी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चेअरमनच्या चुलीपाशी जाऊन रडतेस होय? कर्ज आहे ना तुमचं इथं? विसरू नकोस."

तक्रार तर गेली, पण कागद नाही, तारीख नाही, मागणी नाही. चेअरमनच्या लेखी तो 'स्वभावाचा' प्रश्न ठरला आणि स्वभावावर सहकारी संस्थेत ठराव होत नाही. शिवाय चिठ्ठ्यांविषयी ती काकींशी बोललीच नव्हती. स्वतःच्याही सह्या त्यात अडकल्या होत्या.

यानंतर ती माझ्याकडं आली. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक बरोबर ठरली आणि एक साफ चुकली. बरोबर ठरली ती वही. शंभर पानी शाळेची वही घ्यायची आणि घडेल त्याच दिवशी लिहायचं : तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. 'वाईट बोलले' असं लिहायचं नाही, बोलले ते शब्द लिहायचे. किल्ली घेऊन कधी गेले, कधी आले. प्रत्येक चिठ्ठीची रक्कम आणि दिवस. चुकलं ते दुसरं. मी म्हणालो, "मार्चअखेर होऊ दे, क्लोजिंगच्या घाईत कोण ऐकणार?" मार्चअखेरीला वसुलीचं उद्दिष्ट पार झालं, एप्रिलच्या बैठकीत संचालकांनी त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला, आणि जो माणूस फेब्रुवारीत नुसता व्यवस्थापक होता तो मेमध्ये संचालक मंडळाचा लाडका झाला होता. ते दोन महिने मी तिला फुकट सोसायला लावले.

समोरचे मार्ग

एप्रिलमध्ये तिचा रक्तदाब तपासला तर १५० बाय १००. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा यायचा, झोप तीन तासांवर आलेली. आता काहीतरी करायलाच हवं होतं.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं : "सोड की. भाकरी काय तिथंच मिळते?" आम्ही हिशेब मांडला. त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं सलग पाच वर्षं पूर्ण झालेल्याला, राजीनामा दिला तरी, ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,३००. त्याला २६ नं भागून १५ नं गुणायचं, मग सेवेच्या ११ वर्षांनी. ९०,७५० रुपये होत होते. बेळगावातल्या दुसऱ्या एका संस्थेत जागाही होती, पगार तीन हजारांनी कमी. पण अक्कानं जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं : "काका, क्लार्क नोकरी सोडतो तेव्हा लोक कारण विचारतात. कॅशिअर सोडते तेव्हा कारण विचारत नाहीत, कुजबुजतात. हाच सांगत सुटेल, कॅशमध्ये गडबड होती म्हणून गेली." सोडायचंच तर हिशेब स्वच्छ करून, स्वतःच्या वेळेला सोडायचं, एवढं त्या दिवशी ठरलं.

कायद्याची बाजू पाहिली. कामाच्या ठिकाणच्या अशा छळासाठी आपल्याकडं वेगळा कायदा नाही. २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती सक्तीची आहे खरी, पण अक्काला झालेला त्रास त्या प्रकारचा नव्हता आणि ओढूनताणून तसा दाखवायला तिनं ठाम नकार दिला. माझ्या मते तिनं योग्य केलं. ज्या बायकांवर खरोखर तसा प्रसंग येतो त्यांच्या तक्रारीचं वजन अशानं कमी होतं. पोलिसात जा असंही कोणी सुचवलं. अपमानाच्या गुन्ह्यात साक्षीदार लागतात, आणि तालुक्याच्या गावात साक्षीदाराचं कर्ज त्याच संस्थेत असतं.

सहकार खात्याचा मार्ग मात्र खरा होता. संस्था आणि नोकर यांच्यातला सेवेविषयीचा वाद १९५९ च्या कायद्याच्या कलम ७० खाली निबंधकांकडं नेता येतो. इथं मात्र सीमाभागाची गाठ लागली. अण्णांच्या गोटातल्या एकानं तिच्या सासऱ्यांना गाठून सांगितलं, "मराठी संस्थेची तक्रार कानडी साहेबाकडं नेणार? घरचं भांडण बाहेर नको." सासरे हादरले. त्यांची हयात सीमालढ्यात गेलेली, त्या राज्यपुनर्रचनेच्या निषेधात दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा माणूस. ते सुनेला म्हणाले, "बाळ, तू सोस असं मी म्हणत नाही. पण संस्थेचं नाव जाईल असं करू नकोस."

यावर आमची तीन संध्याकाळी चर्चा झाली. माझं मत होतं की पहिल्याच पत्रावर 'प्रत : सहाय्यक निबंधक' असं लिहून टाकावं, त्याशिवाय संचालक हलणार नाहीत. अक्काचं मत वेगळं पडलं. ती म्हणाली, पहिल्याच पत्रात संस्थेला बाहेर ओढलं तर जे चार लोक आज गप्प आहेत तेही त्याच्या बाजूला जातील आणि मुद्दा चिठ्ठ्यांचा राहणार नाही, मराठी-कानडीचा होईल. तिनं मधला मार्ग काढला. पत्र मराठीत, फक्त संचालक मंडळाला, तीस दिवसांत निर्णय द्यावा अशी विनंती. त्याचाच कन्नड तर्जुमा शाखेतल्या तरुण कन्नड क्लार्कनं रविवारी तिच्या घरी बसून करून दिला. तो टपालात न टाकता कपाटात ठेवायचा. तो मुलगा कंत्राटी होता, त्याची नोकरी तिच्याहून कच्ची. तरी आला.

दोन हजारांच्या नोटा

पत्र लिहायचं ठरलं होतं, मुहूर्त लागत नव्हता. तो रिझर्व्ह बँकेनं लावला. १९ मे २०२३ ला दोन हजारांच्या नोटा मागं घेण्याची घोषणा झाली. नोटा चलनात वैध होत्या, २३ मेपासून बँकांत एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळणार होत्या. २४ मेला दुपारी व्यवस्थापकानं दीडशे नोटांचं बंडल अक्कापुढं टाकलं. तीन लाख. "यांना पाचशेच्या दे. एंट्री नको. शिल्लक तेवढीच राहते, संस्थेचं काय जातं?"

बोलायला बरोबर वाटतं. पण नोटांच्या नोंदवहीत आदल्या दिवशी दोन हजारांच्या बारा नोटा होत्या. आज एकशे बासष्ट दिसल्या तर त्या कुठून आल्या, हे एकही भरणा-चलन सांगणार नव्हतं. सही मात्र कॅशिअरची असणार होती.

अक्का म्हणाली, "सर, लिहून द्या. लगेच करते."

पुढचे दोन मिनिटं तो काय काय बोलला ते वहीत शब्दशः आहे, इथं देत नाही. त्यात तिच्या वडिलांचा उल्लेख होता आणि ते वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. काउंटरवर नऊ सभासद होते. शेवटी त्यानं मागितलं, "किल्ली दे इकडं." ती म्हणाली, "किल्ली हस्तांतराच्या वहीत सही करा, देते." त्यानं सही केली नाही, तिनं किल्ली दिली नाही. बंडल ज्याचं होतं तो माणूसच ओशाळून ते उचलून निघून गेला.

त्या रात्री ती माझ्याकडं आली तेव्हा हात थरथरत होते. मी विचारलं, लिहून द्या हे सुचलं कसं? म्हणाली, सुचलं नाही, तीन महिने वहीत दुसऱ्यांचे शब्द लिहून लिहून सवय लागली, कागदावर नसलेलं खरंच वाटत नाही.

केलेली पावलं

वहीत १४ आठवड्यांत ३१ नोंदी झाल्या होत्या. छळाचा पहिल्यांदा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी एक माप दिलं होतं : आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. कडक साहेब आणि छळणारा साहेब यांतला फरक ठरवायला मला ते उपयोगी वाटतं. कडक साहेब चूक झाली की ओरडतो. इथं ३१ पैकी फक्त चार प्रसंगांत अक्काची खरोखर चूक होती, आणि तीही आम्ही लपवली नाही.

पत्र दीड पानाचं झालं. पहिला भाग चिठ्ठ्यांचा, दुसरा २४ मेचा, तिसरा वागणुकीचा आणि किल्लीचा. पहिलंच वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला : 'चिठ्ठ्या धरून शिल्लक पूर्ण दाखवण्यावर मी सही केली, ही माझी चूक आहे.' ती दोन दिवस अडून बसली. हे लिहिलं तर मलाच काढतील. मी म्हणालो, तू नाही लिहिलंस तर तो पहिल्या पाच मिनिटांत सांगेल आणि मग तुझं बाकीचं दीड पान कोणी वाचणार नाही. शेवटी तिनं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

सह्यांसाठी पाच पिग्मीवाल्यांना विचारलं. साहेब किल्ली घेऊन गेले की त्यांचेही पैसे वेळेत जमा होत नसत. दोघांनी सही केली. एकानं दुसऱ्या दिवशी येऊन हात जोडून सही मागं घेतली, मुलाच्या नोकरीचा अर्ज संस्थेत पडून होता. अक्का त्याला एक शब्द बोलली नाही, नवं पान लिहून काढलं. शिपाईमामा म्हणाले, "सही नको. विचारलं तर खरं सांगतो."

मुख्य कार्यालयातल्या आवक क्लार्कनं पोच द्यायला टाळाटाळ केली, म्हणून ३ जूनला पत्र रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह गेलं. मधल्या काळात तिनं १४४१६ ला, म्हणजे टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मोफत सेवेला, दोनदा फोन केला आणि तालुका दवाखान्यात रक्तदाबाची गोळी सुरू केली.

काय निष्पन्न झालं

२८ जूनला बैठक झाली. व्यवस्थापक म्हणाला, मी कडक आहे, संस्थेसाठी. बहुतेक माना डोलल्या. महिला राखीव जागेवरच्या संचालिका तोवर कधी फारशा बोलत नसत. त्यांनी एकच विचारलं, "चिठ्ठ्यांचं खरं की खोटं, ते वह्या बघून कळेल की नाही?" अंतर्गत तपासनिसाकडं काम गेलं. अक्काच्या वहीत २६ चिठ्ठ्यांचे दिवस आणि रकमा होत्या. त्यातल्या २२ ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्याच रकमेचं, आकड्याला आकडा जुळणारं पैसे काढल्याचं व्हाउचर सापडलं. उरलेल्या चारांना आठवडा ते बारा दिवस लागले होते. पैसा बुडाला नव्हता. पण चिठ्ठ्या ज्यांच्यासाठी निघाल्या त्यांत दोन संचालकांचे नातेवाईक होते, आणि तिथून पुढं मंडळाला प्रकरण लांबवण्याची इच्छा राहिली नाही.

जुलैअखेर ठराव झाला : कॅश बंद झाल्यावर कोणालाही रक्कम द्यायची नाही, साडेसहाला दोन्ही किल्लीधारक शाखेत हजर हवेत. व्यवस्थापकाची मुख्य कार्यालयात वसुली विभागात बदली झाली, शिक्षा म्हणून नाही, 'प्रशासकीय कारणास्तव'. अक्काला लेखी ताकीद मिळाली आणि एक वर्षाची वेतनवाढ रोखली, कारण चूक तिनं स्वतः कबूल केली होती. तिसऱ्या भागावर, म्हणजे शब्दांवर, अपमानावर, किल्लीवर, ठरावात एवढंच : 'उभयतांनी सामंजस्याने वागावे.'

नवा व्यवस्थापक आल्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वासहाला किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "अक्का, चला, बंद करूया." ती साडेसातच्या बसची वाट बघत स्टँडवर बसली तेव्हा अजून उजेड होता. तोवर महिलांना बसप्रवास मोफत झाला होता. कंडक्टरनं शून्याचं तिकीट हातात दिलं आणि ती हसली, असं तिनं सांगितलं.

गणपतीत तो जुना व्यवस्थापक मंडपात भेटला. म्हणाला, "माझ्यावर वरून काय प्रेशर होतं तुला ठाऊक नाही." ते खोटं नसावं. संचालकांच्या पाहुण्यांना नाही म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि तो राग ज्याच्यावर काढता येईल त्याच्यावर निघाला. अक्कानं मान हलवली, उत्तर दिलं नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या चिठ्ठीलाच, ऑगस्टमध्ये, 'लिहून द्या' म्हणायला हवं होतं. तेव्हा संबंध चांगले होते, नकार भांडण वाटला नसता. कर्जाच्या धमकीला तर चार महिने घाबरायचं कारणच नव्हतं. हप्ते वेळेवर जात होते. कर्जमंजुरीचं पत्र आणि करारनामा घरातच होता, तो एकदा वाचला असता तर व्यवस्थापकाच्या मर्जीनं कर्ज मागं घेता येत नाही हे कळलं असतं. मीही तो मे महिन्यात पाहिला, फेब्रुवारीत मागायला हवा होता.

२४ मेचं कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवा असा अर्ज त्याच संध्याकाळी द्यायला हवा होता. आम्ही पत्रात मागितलं तोवर पुसलं गेलं होतं, यंत्रात थोडेच दिवस राहायचं. डॉक्टरकडं जायलाही उशीर केला.

निबंधकांना प्रत न पाठवण्याचा तिचा निर्णय बरोबर होता असं मला आज वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं. पण कन्नड तर्जुमा कपाटात तयार होता आणि अण्णांना ते ठाऊक होतं. तो नसता तर अठ्ठावीस जूनची बैठक झाली असती का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

एका गोष्टीवर माझं मन अजून ठरत नाही. पत्रात चिठ्ठ्या पुढं ठेवल्या म्हणून ते हललं. त्यामुळंच माणसाला झालेली जखम तिसऱ्या भागात मागं पडली आणि मंडळाला तिच्याकडं न बघण्याची सोय झाली. दोन पत्रं वेगळी द्यायला हवी होती का? वागणुकीवर मागणी स्पष्ट हवी होती का, 'सभासदांसमोर दिलगिरी' अशी? मी तेव्हा सुचवलं होतं, तिनं काढून टाकलं, आधी किल्लीचं सुटू दे म्हणाली. तरुण क्लार्कचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. तो आता हुबळीला आहे. त्याचा विषय आम्ही पत्रात घालायलाच हवा होता.

अक्का त्याच काउंटरवर आहे. वेतनवाढ पुढच्या वर्षी मिळाली. ती शंभर पानी वही अजून तिच्या कपाटात आहे. आता तरी टाकून दे की, असं मी परवा म्हणालो. ती म्हणाली, "तिसऱ्या भागाचं उत्तर अजून आलं नाही, काका."